सहाशे यार्डांवर पोळपाट

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नागपुरात सांगितलं तेव्हा माझ्या सख्ख्या भावाचा बसला नाही. तो म्हणाला, तुला विमानातच चढते. पण आम्हा पांढरीपांड्यांच्या घरात खोटं बोलण्याची पद्धत नाही. वाढवून बोलण्याची आहे, ती गोष्ट निराळी. तर ऐका. माझी सून आसावरी, जी झुरळ दिसलं तर त्याला वर्तमानपत्रावर बसवून बाहेर सोडून येते, तिनं सहाशे यार्डांवरच्या पोळपाटाएवढ्या गोलात रायफलची गोळी घातली. आणि ती घालायला लावली मी.

"सहाशे यार्ड म्हणजे किती हो?" विनीताताईंनी विचारलं.

"तो समोर शाळेच्या बसचा थांबा दिसतो ना? तो नाही. त्याच्या पलीकडे सिग्नल आहे, तो. तिथं कुणी पोळपाट धरून उभं राहिलं तर तुम्हाला पोळपाट तर सोडाच, माणूससुद्धा दिसायचा नाही."

बॉथेल गावातल्या आमच्या टाउनहाउसच्या मागच्या लाकडी डेकवर आम्ही बसलो होतो. विनीताताई आणि कृष्णाराव शेजारच्या मुलाचे आईवडील, पुण्याहून येऊन आठच दिवस झालेले, त्यामुळे दुपारी तीन वाजता दोघांचे डोळे मिटत. त्यांना जागं ठेवायचं काम त्यांच्या मुलानं माझ्यावर सोपवलं होतं. कृष्णाराव मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते डोळे मिटूनही चुका काढत. आत ओट्याशी आसावरी चहा टाकत होती.

"बंदूक? या घरात?" कृष्णारावांचा एक डोळा उघडला.

"कुलूपबंद कपाटात. किल्ली आसावरीकडे. मी व्हिजिटर व्हिसावर, मला बंदुकीला बोटही लावायची मनाई. पण वाऱ्याला बोट लावायला व्हिसा लागत नाही, कृष्णाराव. आणि लांबच्या नेमबाजीत बंदूक चार आणे, वारा बारा आणे."

तर गेल्या वर्षीची गोष्ट, दोन हजार सहाची. आमच्या हिला जाऊन दोन वर्षं झाली होती. सुशांत म्हणाला, बाबा, एकटे काय राहता, सहा महिने या. मेमध्ये आलो. सुशांत सकाळी आठला ऑफिसात जायचा तो रात्री आठला यायचा. घरात मी आणि आसावरी.

आसावरी नागपूरला मोठ्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट होती. तिच्या हाताखाली चार जण. लग्न करून इथं आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे नवऱ्याला काम करायची परवानगी, बायकोला स्वयंपाकाची. अशी पाच वर्षं गेली. मग ग्रीनकार्ड आलं, इंटरव्ह्यू सुरू झाले, आणि जाईल तिथं एकच प्रश्न, "मधली पाच वर्षं तुम्ही काय करत होतात?" एकदा मला म्हणाली, "बाबा, खरं सांगितलं तर काय सांगू? पोळ्या?" हसत म्हणाली. पण त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या नाहीत, ब्रेड खाल्ला.

"अहो, माझ्या सुनेचंही तेच," विनीताताई म्हणाल्या. "गाडी शिकली, पण जाणार कुठे?"

"ही एका शनिवारी गॅरेज सेलला गेली. ब्रेड करायचं मशीन बघायला."

मीही बरोबर होतो. एका म्हाताऱ्या बाईंचा नवरा वारला होता, हरणं मारणारा गडी, त्याचं सामान विकायला काढलं होतं. बाईंचा भाऊ खुर्ची टाकून बसला होता. त्याचं नाव अर्ल. वय पंच्याहत्तर, कान निकामी, डोळे घारीचे. ब्रेडच्या मशीनशेजारी टेबलावर एक जुनी रायफल ठेवलेली. आसावरीनं विचारलं, बघू का? अर्लनं मान हलवली. तिनं ती उचलली, नळी जमिनीकडे केली, बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नाही ना ते आधी डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं. अर्ल खुर्चीतून उठला.

"हे कुठं शिकलात, मॅडम?"

"कॉलेजात," ती म्हणाली. "एन.सी.सी.त. मी विदर्भातून नेमबाजीसाठी दिल्लीला गेले होते."

मला हे माहीत नव्हतं. सात वर्षं सून आहे माझी. लग्न ठरवताना आम्ही विचारलं होतं गाणं येतं का, आणि ती म्हणाली होती, नाही. बंदूक येते का, हे कोण विचारतो?

ब्रेडचं मशीन तिथंच राहिलं. अर्लनं तिला दुकानात नेऊन रीतसर कागद केले, पोलिसी तपासणी झाली, आणि त्याच्या दिवंगत मेहुण्याची ती ओरखडे पडलेली रायफल आमच्या गाडीच्या डिकीत आली. किंमत विचारू नका. ब्रेडच्या मशीनला टेकली होती, एवढंच सांगतो.

"काहीतरीच," कृष्णाराव म्हणाले.

"बरं, तीन मशीनं. झालं समाधान?"

संध्याकाळी सुशांत आला. त्यानं डिकी उघडली आणि तशीच बंद केली, जणू आत कुणी कपडे बदलत होतं.

"आसा, हे काय आहे?"

"रायफल."

"ते दिसलं! अगं, टू थाउजंड वननंतर आपल्या रंगाच्या माणसानं डिकीत रायफल घेऊन फिरायचं? मला एअरपोर्टवर दर वेळी बाजूला घेतात, यार. त्यात मी दाढी ठेवलीय!"

"मग दाढी काढ."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. उलटं धरलंय हे नंतर कळलं.

सुशांत वाईट माणूस नाही. तो घाबरलेला माणूस आहे, आणि त्याला घाबरायला कारण होतं. बराच वेळ दोघं बोलली. शेवटी ठरलं ते असं. हा एक सीझन. अर्लच्या नेमबाजी क्लबाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, सहाशे यार्डांच्या रांगेत बसायचं तर कार्ड लागतं. कार्डासाठी परीक्षा: दहा गोळ्या, शंभरपैकी पंच्याऐंशी गुण. वर्षाकाठी तीन परीक्षा, जुलैत, सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात. कार्ड मिळालं तर रायफल घरात राहील. नाही मिळालं तर विकायची, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"चालेल," आसावरी म्हणाली.

कुठली भाजी करू विचारल्यावर म्हणते तसं नव्हतं ते 'चालेल'. मी सर्व्हेखात्यात चौतीस वर्षं काढली. जमीन सरकण्याआधी कशी बोलते ते मला ओळखता येतं.

आता अर्लची शिकवण ऐका. तो म्हणाला, गरिबानं लांब मारायचं तर तीन गोष्टी. बंदूक जुनी चालते, नळी आतून स्वच्छ हवी. वरची दुर्बीण बंदुकीहून महाग पडली तरी रडायचं नाही. आणि काडतुसात कंजुषी करायची नाही. बाकी सगळं घरात असतं.

आणि घरात सगळं होतं! झोपून मारायला चटई विकत मिळते म्हणे, साठ डॉलरला. आम्ही सतरंजी नेली. नळीखाली टेकू म्हणून सुशांतची कॉलेजातली सॅक, आत जुने टॉवेल कोंबून. निशाण बघायला माझ्यासाठी अर्लच्या बहिणीची पक्षी बघायची दुर्बीण. आणि फुकटातला मोठा धडा म्हणजे काडतुसाशिवायचा सराव. रोज सकाळी अकरा ते एक. पडदे ओढायचे, काडतूस घरात नाही हे दोनदा बघायचं, आसावरी हॉलमध्ये सतरंजीवर पालथी, भिंतीवर टिकली चिकटवलेली, नळीवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवलेलं. चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये.

"मग पडायचं?" विनीताताईंनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यात टपाटप. मी मोजायचो. जूनअखेर ती चाप ओढायची आणि नाणं इतकं स्वस्थ की त्याला झोप लागायची. एकदा घोरलं."

"नाणं?" कृष्णाराव म्हणाले.

"रुपयाचं. इथलं असतं तर नसतं घोरलं."

मग वारा. इथं माझा प्रवेश. अर्ल म्हणाला, ताशी पाच मैलांचा वारा आडवा असला तर सहाशे यार्डांवर गोळी सव्वा फूट वाहून जाते. पाच मैलांचा वारा म्हणजे काय? गालाला कळतो एवढाच. मी म्हटलं, अर्लसाहेब, मी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात थिओडोलाइट लावून जमीन मोजलीय. दुर्बिणीतून तापलेल्या हवेच्या झळा दिसतात, त्या ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा. मला झळांवरून वाऱ्याचं गोत्र सांगता येतं. एकदा तर ताडोब्याजवळ वाघ उभा होता, मी झळा बघून माझ्या माणसांना सांगितलं, घाबरू नका, वारा त्याच्याकडून आपल्याकडे आहे, त्याला आपला वास जात नाही. वाघानं ते ऐकलं आणि दुसऱ्या बाजूनं आला.

"आणि तुम्ही?"

"मी जागा बदलली. पण वारा बरोबर सांगितला होता की नाही?"

तर ठरलं. आसावरी मारणार, मी शेजारी स्टुलावर बसून वारा सांगणार. परीक्षेत नवख्याला एक सांगणारा चालतो. क्लबातली मंडळी बघायला लागली. साडी नाही हो, जीन्स आणि टोपी; पण शेजारी सतरंजी आणि माकडटोपीतला म्हातारा. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, ही चटई कुठं मिळते? आमचं आडनाव कुणाला येईना. अर्ल रजिस्टरमध्ये लिहायचा नुसतं 'आसा'. ती मला म्हणाली, "बाबा, इथं मला कुणी मिसेस म्हणत नाही. नवरा काय करतो विचारत नाहीत. विचारतात, आज किती लागल्या?"

जुलैची परीक्षा आम्ही बुडवली. चूक आपल्या लोकांची. अर्लनं बजावलं होतं काडतुसात कंजुषी नको, पण एका दुकानात जुन्या फौजी काडतुसांचा आख्खा डबा सवलतीत मिळत होता. आपल्याला डबा दिसला की राहवतं का? तांदळाची मोठी गोणी स्वस्त पडते, तसंच हे, असं मीच म्हटलं. त्या काडतुसांत दारू कुठं जास्त, कुठं कमी. एक गोळी वर, एक खाली, एक मधे. अडुसष्ट गुण.  अर्ल आसावरीला आपल्या गॅरेजात घेऊन गेला आणि रिकाम्या पुंगळ्यांत मोजून दारू भरायला शिकवलं. ती लॅबमधली बाई. दारूचा कण तराजूत जास्त पडला तर चिमट्यानं उचलायची. अर्ल म्हणाला, पन्नास वर्षांत असा हात पाहिला नाही. तिनं घरी येऊन मला तीन वेळा सांगितलं. मग सुशांतला सांगितलं. पुढच्या इंटरव्ह्यूत मधल्या पाच वर्षांबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही. नोकरी तीही मिळाली नाही.

सप्टेंबरची परीक्षा बुडाली ती माझ्यामुळे. हे मी कबूल करतो, म्हणजे बाकीच्यावर तुमचा विश्वास बसेल. दस्त्याखाली, खांद्याजवळ, एक छोटी थैली ठेवतात. ती दाबली की नळी केसभर खाली-वर होते. आत प्लॅस्टिकचे बारीक मणी असतात. तीस डॉलर! मी म्हटलं, साबुदाणा काय वाईट? गोल, हलका, मणीच की. जुन्या जीन्सचा पाय कापला, दोन किलो साबुदाणा भरला, दोन्ही तोंडं शिवली. घरात फार छान चालली. अर्लनंसुद्धा दाबून पाहिली आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, उपवासाचं.

विनीताताईंनी तोंडाला पदर लावला. पुढचं त्यांना कळलं होतं.

"परीक्षेच्या दिवशी पाऊस. इथला पाऊस, पडतो म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर चड्डीपर्यंत भिजवतो. आम्ही पोचून नाव येईपर्यंत तासभर गेला, थैली सतरंजीवर. पहिली गोळी नऊ. दुसरी आठ, जरा खाली. तिसरी सात, आणखी खाली. आसावरी म्हणते, बाबा, माझा दस्ता वर येतोय. मी म्हणतो, तुझा भास. अहो, थैली फुगत होती! दस्ता वर, नळी खाली. पाचव्या गोळीपर्यंत ती उशीएवढी झाली, सातव्याला शिवण उसवली, आठव्याला आसावरी साबुदाण्यावर तरंगत होती. रेंजवर हरणांचा कळप यायचा, त्यातली चाळीस हरणं रांगेत उभी—"

"चाळीस?"

"चार. पण रांगेत. एकसष्ट गुण."

 घरी येऊन आसावरीनं रायफल पुसली, तेल दिलं, आणि मग विकायच्या जाहिरातीसाठी फोटो काढले. सुशांतनं सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर बाकी होता. मी म्हटलं, अगं, अजून एक संधी आहे. ती म्हणाली, "आहे ना. पण बाबा, तुम्ही नोव्हेंबरात जाल. रायफल पण गेली तर मी परत त्याच पाच वर्षांत जाऊन बसेन." मी साबुदाण्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अहो बाबा, तुमच्यामुळं नाही." पण माझ्यामुळंच होतं. त्या दिवसापासून ती एकटीही रेंजवर जायला लागली. बंदूक न घेता. नुसती वही आणि दुर्बीण. काय लिहायची कोण जाणे. मी विचारलं तर म्हणायची, "बघते नुसती."

नव्या थैलीत तांदूळ भरला, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला.

सुशांत दाढी काढून आला होता.  नियम असा की प्रत्येक परीक्षार्थीच्या घरचा एक माणूस निशाणांच्या खाली, काँक्रीटच्या भिंतीआड खंदकात बसतो. गोळी लागली की तो कापडाची चौकट खाली ओढतो, भोकात पांढरी चकती खोचतो आणि पुन्हा वर चढवतो, म्हणजे मारणाऱ्याला दुर्बिणीतून दिसतं कुठं लागली. सुशांत तिथं गेला. जी रायफल त्याला डिकीतसुद्धा बघवत नव्हती, तिच्या गोळ्या त्याच्या डोक्यावरून पाच हातांवर कडाडत जाणार होत्या. जाताना अर्लला विचारून आला, भिंत किती जाड आहे. अर्लला ऐकू गेलं नाही.

ऊन स्वच्छ होतं. रांगेजवळचा लाल झेंडा डावीकडून उजवीकडे हलत होता. मी स्टुलावर, डोळा दुर्बिणीला. मी म्हटलं, "डावीकडचा वारा. सव्वा फूट डावीकडे धर." धरलं. आठ. मग नऊ, नऊ. चौथी दहा! चकती पोळपाटाच्या मधोमध. नंतर आठ, नऊ, आठ, नऊ. आठ गोळ्यांत सत्तर. दोन गोळ्या उरलेल्या, पंधरा गुण हवेत. माझ्या माकडटोपीखाली घाम.

"म्हणजे साडेसात-साडेसात," कृष्णाराव सरळ बसले. झोप गेली होती.

"बरोबर. पण नववीला तिनं चाप जरा झटकला. होतं. माणूस आहे. चकती वर आली ती पार डावीकडे. सहा."

"शहात्तर. म्हणजे शेवटी नऊ हवेत."

"नऊ किंवा दहा. पोळपाट, फार तर परात. आठ लागले तरी रायफल गेली."

आता नीट ऐका. रेंज चिडीचूप. शेजारच्या रांगेतल्या लोकांनी आपापलं मारणं थांबवलं होतं. अर्ल मागे उभा, टोपी काढून. आसावरीनं बोल्ट ओढला, शेवटचं काडतूस आत सारलं. तिची पाठ मला दिसत होती, श्वासाबरोबर वर-खाली होणारी. घड्याळात दीड मिनिट उरलेलं. झेंडा अजून डावीकडूनच हलत होता. दुसरा कुणी असता तर झेंड्यावर गेला असता. पण चौतीस वर्षांचा सर्व्हेवाला मी. दुर्बीण जवळच्या झेंड्यावरून काढली, मधल्या गवतावर आणली. झळा बघतो तर काय? झळा उलट्या! नदीच्या अंगानं, उजवीकडून वाहताहेत. जवळचा वारा एक सांगतोय, मधला दुसरं. सगळ्या रेंजवर हे एकट्या मला दिसलं. अर्लच्या घारीच्या डोळ्यांना नाही दिसलं. मी आवाज शांत ठेवला, वाघाच्या वेळी ठेवला होता तसा. म्हटलं, "आसावरी, वारा फिरला. उजवीकडे धर. एक वीत."

ती म्हणाली, "हो बाबा."

एक श्वास, अर्धा श्वास, आणि धाडकन. गोळी सहाशे यार्ड जायला एक सेकंदही घेत नाही, पण त्या दिवशी तिनं सावकाश घेतलं. मी तिला जाताना पाहिलं, कृष्णाराव. गवतावर आली, वाऱ्यानं डावीकडे ढकललं, तिनं मान वळवली आणि पोळपाटाच्या मधोमध जाऊन बसली. चौकट खाली गेली. वर येईना. येईना. मला वाटलं सुशांत घेरी येऊन पडला. मग अर्लच्या वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, इतका मोठा की अर्ललासुद्धा ऐकू गेला. "टेन! आसा, टेन आहे! मधोमध आहे, यार!" आणि चौकट वर आली, चकती पोळपाटाच्या नाभीत. शहाऐंशी. अर्लनं रजिस्टरमध्ये लिहिलं. आसावरी सतरंजीवरच उपडी पडून राहिली, तोंड हातांत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, पोरी, चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली ती या एका वाऱ्यासाठी.

विनीताताईंनी डोळे पुसले. कृष्णारावांनी चक्क टाळी वाजवली. मुख्याध्यापकाला टाळी वाजवताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि बोलणं तिथंच थांबवायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मी नसतो तर रायफल त्याच आठवड्यात विकली गेली असती."

काचेचं दार सरकलं. आसावरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. कपांवरची वाफ बसली होती.

"बाबा, हे खोटं आहे," ती म्हणाली.

"थोडं वाढवलं असेल. गोळीनं मान वळवली ते—"

"ते नाही." तिनं ट्रे टेबलावर ठेवला, विनीताताईंच्या हातात कप दिला, कृष्णारावांच्या हातात दिला. मला दिला नाही. "नववीला मी चाप झटकला नव्हता. तुम्ही सव्वा फूट डावीकडे म्हणालात, मी तिथंच मारलं आणि गोळी तिथंच गेली, कारण वारा तेव्हाच फिरला होता. ऊन चढलं की साडेअकराच्या सुमारास मधल्या गवतावर तो नदीकडून फिरतो. पाच रविवार वहीत लिहिलं होतं मी."

"मग दहाव्याला मी सांगितलंच ना, उजवीकडे—"

"नाही, बाबा. दहाव्याला तुम्ही सांगितलंत, 'तू चाप झटकलास, वारा तोच आहे, परत सव्वा फूट डावीकडेच धर.' मी 'हो बाबा' म्हटलं आणि उजवीकडे धरलं."